शरीर आणि शेजार

स्थूल माणूस दिसला की आपल्या मनातील न्यायाधीश लगेच निकाल देऊन मोकळा होतो : याचा जिभेवर ताबा नाही, याला कष्ट नकोत. सात प्रमुख पापांच्या यादीत खादाडपणा आणि आळस ही दोन्ही नावे असल्याने या निकालाला धर्माचा आधार आहे असेही आपल्याला वाटते. परंतु हा निकाल न्याय्य आहे काय?

आपल्याच शहराकडे पाहू या. १६१० साली मलिक अंबराने वसविलेली खडकी ही पायी चालणाऱ्यांची नगरी होती. गुलमंडी, शहागंज या जुन्या भागांत आजही बाजार, शाळा आणि प्रार्थनास्थळे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. १९७०च्या दशकापासून सिडकोची वसाहत उभी राहिली आणि तिच्या आखणीत मोकळ्या जागांना स्थान मिळाले. पुढे चिकलठाणा आणि वाळूजच्या कारखान्यांमागोमाग शहर पसरत गेले. घर एकीकडे, काम दुसरीकडे, आणि मध्ये वाहनांचा लोंढा. पदपथ असला तरी त्यावर बहुधा दुचाकी उभी असते. हिमायतबाग, गोगाबाबा टेकडी, विद्यापीठाचा परिसर येथे पहाटे फिरणाऱ्यांची वर्दळ असते. पण दूरच्या वस्तीतील माणसाला चालण्यासाठी तेथे जायलाही वाहन लागते! गृहिणीची अडचण याहून मोठी. संध्याकाळी गल्लीत दिवा नसतो, आणि कित्येक दिवसांनी येणाऱ्या नळाच्या पाण्याची वाट पाहत घरी थांबणे या शहरातील स्त्रियांनी वर्षानुवर्षे सोसले आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील सुमारे २४ टक्के स्त्रियांचे आणि २३ टक्के पुरुषांचे वजन प्रमाणाबाहेर होते. इतक्या साऱ्यांचा संयम एकाच पिढीत ढळला, असे म्हणावे काय?

अमेरिकेत १९९४ ते १९९८ या काळात पाच महानगरांतील गरीब कुटुंबांसाठी सोडत काढण्यात आली. काहींना कमी दारिद्र्याच्या वस्तीत राहायला जाण्यासाठी भाड्याचे साहाय्य देऊ करण्यात आले. दहा ते पंधरा वर्षांनी तपासणी झाली, तेव्हा त्या गटातील स्त्रियांमध्ये अतिस्थूलता आणि मधुमेह यांचे प्रमाण काहीसे कमी आढळले. २०११ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वस्तीतील नेमक्या कोणत्या गोष्टीने हे घडले, याचा उलगडा त्यातून झाला नाही. पण एक गोष्ट स्पष्ट आहे. त्या स्त्रियांची निवड चिठ्ठीने झाली होती, सद्गुणाने नव्हे.

याचा अर्थ व्यक्तीची जबाबदारी संपली असा नाही. दारासमोरच्या दुकानातील तळलेल्या पदार्थाचे पाकीट मुलाच्या हाती आपणच ठेवतो, आणि दोन गल्ल्यांपलीकडे जायला दुचाकी आपणच काढतो. संयम हा सद्गुण आहे आणि राहील. परंतु नीतिशास्त्राचा एक जुना नियम असा की, दोष ठरविताना माणसाची जाणीव आणि त्याचे स्वातंत्र्य या दोहोंचे माप घ्यावे लागते. ज्याला सुरक्षित रस्ता नाही, सावली नाही, मैदान नाही, त्याचे स्वातंत्र्य तितके आखूड आहे. आणि तितकाच त्याचा दोष हलका आहे.

मग उरलेला भार कोणाचा? येथे आमचे मन अस्वस्थ होते. पापकबुलीच्या प्रार्थनेत आपण केलेल्या पापांबरोबर न केलेल्या सत्कर्मांचीही कबुली देतो. महापालिकेने पदपथ बांधावेत, दिवे लावावेत, हे खरेच. त्यासाठी आपण एकत्र येऊन अर्ज तरी दिला आहे काय? रविवारी मिस्साला येताना आपली वाहने कोणाची वाट अडवतात? सहा दिवस कुलूपबंद असणारे आपले आवार संध्याकाळी शेजारच्या मुलांना, सर्व धर्मांच्या मुलांना, खेळण्यासाठी का उघडू नये? वस्तीतील स्त्रिया तेथे निर्धास्तपणे चालू शकल्या, तर ते प्रवचनाहून कमी मोलाचे ठरणार नाही.

शेजाऱ्यावर प्रेम करण्याची आज्ञा आपण मुखोद्गत केली आहे. शेजारी ज्या शेजारात राहतो, त्या शेजाराचीही काळजी त्या आज्ञेत येते, असे आम्हांला वाटते. यापुढे एखाद्याच्या देहाकडे पाहून निकाल देण्यापूर्वी, तो ज्या रस्त्याने चालत आला तो रस्ता आपण एकदा पाहावा.