तान्ह्याचे रडणे आणि आपली नमाज

गेल्या रमजानमध्ये तरावीह चालू असता मागच्या रांगेत एक तान्हे मूल रडू लागले. सलाम फेरल्यावर मी त्याच्या वडिलांना सर्वांदेखत खडसावले. नमाजचे पावित्र्य राखले, असेच तेव्हा वाटले.

वास्तविक सहीह बुखारीतील हजरत अबू कतादा (रजि.) यांची हदीस मला मुखोद्गत होती. प्रेषित मुहम्मद (स.) दीर्घ नमाजच्या इराद्याने उभे राहत; परंतु मुलाचे रडणे कानी पडताच, आईला क्लेश होऊ नयेत म्हणून, ती आटोपती घेत. मुलाला बाहेर न्या, असे त्यांनी फर्मावले नाही. स्वतःची नमाज आखूड केली. मग आपण कोणते पावित्र्य राखतो?

घरीही तेच. “रडू द्या, उचलले की सवय लागते,” असे वडीलधारे सांगतात. दोन महिन्यांच्या बाळाला कसला आला हट्ट! रडण्यावाचून त्याच्यापाशी दुसरी भाषाच नसते. हाक दिली की कोणी येते, हा भरवसा त्याला या वयातच मिळतो. आणि दुआसाठी हात उचलणाऱ्यापाशी तरी याहून वेगळे काय असते?

ईदनंतर मी त्या वडिलांची माफी मागितली. ते म्हणाले, “मौलाना, त्याची आई दवाखान्यात होती. घरी ठेवणार कोणापाशी?”