वैऱ्याचे चरित्र आणि तळटीप

ज्याच्या विचारांची आपल्याला मनस्वी चीड येते, त्याचे चरित्र लिहिताना पुराव्याचे नियम थोडे सैल केले तर काय बिघडले? प्रश्न साधा वाटतो. पण इंटरनेटवरच्या विकिपीडिया या ज्ञानकोशात तो रोज उभा राहतो. तेथे कोणीही लिहू शकतो. म्हणूनच 'लिहिणारा कोण' यापेक्षा 'हे कशावरून' या प्रश्नाला तेथे महत्त्व आहे.

ब्रिटिश लेखक डेव्हिड आयर्विंग यांचे उदाहरण घेऊ. ड्रेस्डेन शहरावरील बॉम्बहल्ल्याचे त्यांचे पुस्तक १९६३ साली गाजले. त्यात मृतांचा आकडा होता १ लाख ३५ हजार. पुढे एका कथित जर्मन पोलीस आदेशाच्या आधारे त्यांनी २ लाखांच्या वरचा आकडा प्रसृत केला. १९६६ मध्ये खरी नोंद उजेडात आली. मूळ आकडा २०,२०४ होता. कोणीतरी शेवटी एक शून्य चढवले होते. आयर्विंग यांनी लंडनच्या 'टाइम्स'ला पत्र लिहून ते मान्य केले, तरी पुढेही ते लाखाच्या घरातले आकडे सांगत राहिले. ड्रेस्डेन शहराने नेमलेल्या इतिहासकारांच्या आयोगाने २०१० मध्ये ही संख्या जास्तीत जास्त २५ हजार ठरवली.

अमेरिकन प्राध्यापिका डेबोरा लिपस्टाट यांनी १९९३ च्या आपल्या पुस्तकात आयर्विंग यांना ज्यूंचा वंशसंहार नाकारणारे म्हटले. १९९६ मध्ये आयर्विंग यांनी लंडनमध्ये बदनामीचा दावा लावला. इंग्लंडच्या कायद्यानुसार आरोप खरा ठरवण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर होती. इतिहासकार रिचर्ड इव्हान्स यांनी सहकाऱ्यांसह आयर्विंग यांच्या तळटीपा धरून मूळ कागद तपासले. ११ एप्रिल २००० रोजी न्यायमूर्ती चार्ल्स ग्रे यांनी निकाल दिला: आयर्विंग यांनी जाणूनबुजून पुराव्याची मोडतोड केली, ते वंशसंहार नाकारणारे आणि ज्यूद्वेष्टे आहेत.

आता अशा माणसाच्या चरित्राला आधार कोणाचा घ्यावा? त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळाचा? जन्म, पुस्तके, 'मी असे मानतो' एवढ्यापुरता तो चालतो. स्वतःची थोरवी गाण्यासाठी किंवा इतरांवर आरोप करण्यासाठी चालत नाही. विकिपीडियाचा हा नियम रास्त आहे. आरोपीचे म्हणणे नोंदवायचे असते, निकाल त्याच्याकडून लिहून घ्यायचा नसतो. मग विरोधी संघटनांचा? त्यांची माहिती मोलाची असते, पण त्या पक्षकार आहेत. त्यांचे मत त्यांच्या नावानेच द्यावे. वृत्तपत्रांचा? २००९ मध्ये जर्मन मंत्री कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबर्ग यांच्या लांबलचक नावात कोणीतरी विकिपीडियावर 'विल्हेल्म' घुसडले. वृत्तपत्रांनी ते उचलले आणि मग त्याच बातम्या ज्ञानकोशात पुरावा म्हणून दाखवल्या गेल्या. म्हणजे छापून आले एवढ्याने पुरावा होत नाही. बातमी देणाऱ्याने ते कोठून घेतले, हेही पाहावे लागते.

याच निकालात ग्रे यांनी आयर्विंग यांच्या महायुद्धविषयक ज्ञानाची आणि दुर्लक्षित कागद शोधून काढण्याच्या चिकाटीची कदर केली आहे. ही गोष्ट चरित्रात यावी काय? अनेकांना ती खुपेल. मला वाटते, यावी. तिने निकाल सौम्य होत नाही, उलट अधिक कठोर होतो. ज्याला कागद वाचता येत होते, त्यानेच ते वाकवले! मात्र निःपक्षपात म्हणजे निम्मे-निम्मे वाटप नव्हे. सत्य आणि त्याचा इन्कार यांना सारखी जागा देणे हाही अन्यायच. ज्या मताला जितका भक्कम आधार, तितकीच त्याला जागा मिळावी.

कोणी म्हणेल, ज्यांचे आप्त छळछावण्यांत संपले त्यांच्यापुढे तळटीपांची भाषा बोलणे निर्दयपणाचे नाही का? हा आक्षेप हलका नाही. पण त्याच खटल्यात लिपस्टाट यांच्या बाजूने छावण्यांतून वाचलेल्यांना साक्षीला बोलावले नाही. आपला खटला स्वतः चालवणाऱ्या आयर्विंग यांनी त्यांची उलटतपासणी घेऊन अवहेलना करावी, हे त्यांना नको होते. त्या माणसांच्या वतीने कागद उभे राहिले. पुरावा पक्का होता म्हणूनच त्यांना पुन्हा अपमान सोसावा लागला नाही.

आपल्याला न आवडणाऱ्या माणसाविरुद्ध एक शून्य चढवण्याचा मोह कोणालाही होऊ शकतो. हेतू चांगला असला तरी शून्य खोटेच राहते, आणि ते सापडले की शेजारचे खरे आकडेही संशयात येतात. त्याचा फायदा कोणाला होतो? ज्याच्याविरुद्ध आपण लिहीत होतो त्यालाच. म्हणून वैऱ्याशी इन्साफाने वागायचे ते त्याच्यावर मेहेरबानी म्हणून नव्हे. ज्यांची गणती त्याने चुकवली, त्या मृतांचे आपण तेवढे देणे लागतो.