पुस्तिका नसलेले खेळ

नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत जो ‘टीव्ही गेम’ आला, तो मुळात काय होता हे खेळणाऱ्यांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. खोक्यावर मीडिया किंवा लिटल मास्टर असं काहीतरी छापलेलं असे. आत नक्कल असे ती निन्टेन्डोने १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये विकायला काढलेल्या फॅमिकॉमची. सोबतच्या पिवळ्या कॅसेटवर ‘९९९९९९९ इन १’ असा आकडा असायचा. मेनूची पानं उलटत राहिलं तरी संपत नसत, पण खेळ मात्र मोजकेच. पहिल्या स्टेजपासूनचा मारिओ एक, तिसऱ्या स्टेजपासूनचा दुसरा, असा तो हिशेब. तरीही आकड्याबद्दल कुणी तक्रार केल्याचं ऐकलं नाही.

या नकला करणाऱ्यांनी एक काम फार नेकीने केलं होतं. खेळ सुरू होताना पडद्यावर येणारं कंपनीचं नाव आणि साल ते बहुतेक वेळा पुसून टाकत. जपानी किंवा अमेरिकी मुलाला खेळासोबत छापील पुस्तिका मिळायची. कोण शत्रू, कोणतं बटण कशासाठी, राजकन्येला कुणी पळवलं, हे सगळं तिच्यात असे. आम्हाला खेळ मिळाले ते नावगाव, लेखक, कथा, सूचना असं काहीच नसलेले. आणि तरीही घरातलं सर्वांत धाकटं पोरसुद्धा काही मिनिटांत खेळायला लागे. मोठेपणी या खेळांचा इतिहास वाचायला लागलो, त्याच्या मुळाशी हेच कुतूहल होतं. हे जमत कसं होतं?

उत्तराचा मोठा भाग ‘सुपर मारिओ ब्रदर्स’च्या पहिल्या पडद्यावर सापडतो. सप्टेंबर १९८५मध्ये आलेला हा खेळ. मारिओ डावीकडे उभा आहे, तोंड उजवीकडे, आणि उजवीकडे मोकळी जागा. कुठे जायचं हे सांगावं लागत नाही. थोडं पुढे गेलं की एक तपकिरी, रागीट भुवयांचा प्राणी सरळ अंगावर चालून येतो. न हलता उभं राहिलात तर मेलात. पण मेल्याने काही बिघडत नाही, कारण पुन्हा इथवर यायला दोन-तीन सेकंदच लागतात. उडी मारलीत तर वरच्या चमकत्या ठोकळ्यावर डोकं आपटतं आणि नाणं निघतं. शेजारच्या ठोकळ्यातून मशरूम निघतं. आधीच्या प्राण्यासारखंच दिसतं, म्हणून पळावंसं वाटतं. पण ते आधी उजवीकडे जातं, खाली पडतं, पाइपला धडकून परत आपल्याकडेच येतं, आणि डोक्यावर विटा असल्याने उडी मारून टाळताही येत नाही. अंगाला लागतं आणि मारिओ मोठा होतो. खेळाचे रचनाकार शिगेरू मियामोतो यांनी पुढे मुलाखतींत सांगितलं आहे की ही सगळी मांडणी मुद्दाम होती. जे शिकवायचं ते खेळातच घडलं पाहिजे, असा तो आग्रह. त्यांच्या मनात पुण्या-नाशिकचं पोर नक्कीच नसणार. पण पुस्तिका न मिळालेल्या पोरासाठी याहून चांगली शिकवणी शक्य नव्हती.

हे सगळं किती जागेत बसवलं होतं, ते कळल्यावर मी बराच वेळ गप्प होतो. संपूर्ण खेळ ४० किलोबाइट. माझ्या फोनमधला एक साधा फोटो याच्या पन्नासपट तरी भरतो. यंत्राची कामचलाऊ स्मृती २ किलोबाइट, आणि एका आडव्या रेषेत आठच हलती चित्रं. नववं आलं की कुणीतरी गायब व्हायचं. गर्दी झाली की शत्रू लुकलुकत, ते यामुळे. मारिओतले ढग आणि झुडपं एकाच चित्रातून काढलेली आहेत, फक्त रंग बदलून. हे एकदा दिसलं की पुन्हा न दिसणं अशक्य. कोजी कोंडो यांचं संगीतही मोजक्या आवाजांच्या जिवावर उभं आहे: दोन सूर, एक खर्ज आणि तालासाठी खरखर. त्याआधी १९७८मध्ये तोमोहिरो निशिकादो यांच्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये शत्रू कमी होत गेले की उरलेले वेगाने धावू लागत. कारण इतकंच की थोडीच चित्रं काढायची उरल्यावर प्रोसेसर हलका व्हायचा. निशिकादोंनी ते सुधारलं नाही, तसंच ठेवलं. खेळ पुढे जाईल तसा कठीण होत जातो, या आज गृहीत धरलेल्या गोष्टीला त्या लंगड्या यंत्राने असा हातभार लावला.

म्हणजे सांगण्यासारखं जे होतं ते खेळाच्या आतच कोंबावं लागत होतं. बाहेर सोडायला जागाच नव्हती. म्हणूनच नाव, खोकं, पुस्तिका सगळं ओरबाडून घेतल्यावरही हे खेळ जगले, असं मला वाटतं.

जे खेळाच्या आत मावलं नव्हतं, त्यासाठी मामेभाऊ होते. ‘कॉन्ट्रा’मध्ये ३० लाइफ मिळवून देणारी बटणांची ती प्रसिद्ध मालिका कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांची. १९८६मध्ये ‘ग्रॅडियस’ फॅमिकॉमवर आणताना त्यांना स्वतःलाच तो खेळ झेपेना, म्हणून चाचणीपुरती सोय केली, आणि ती काढायची राहून गेली. ही युक्ती महाराष्ट्रातल्या गल्ल्यांमध्ये कोणत्या वाटेने पोचली असेल? दर मे महिन्याच्या सुट्टीत कुठल्यातरी मोठ्या शहरातून कुणाचा तरी मामेभाऊ यायचा आणि त्याला ती तोंडपाठ असायची. त्याने सांगितलेल्या बाकीच्या निम्म्या गोष्टी थापा असत. कॅसेटमध्ये फुंकर मारली की ती चालू होते, हीही त्यातलीच. खरं काम व्हायचं ते काढून पुन्हा घट्ट बसवण्याने.

नकलांचा आणखी एक परिणाम झाला, तो इतिहास वाचताना हळूहळू लक्षात येतो. अमेरिकनांनी लिहिलेल्या जुन्या खेळांच्या याद्यांत आमचे लाडके खेळ सापडतच नाहीत. नामकोचा १९८५चा ‘बॅटल सिटी’, आमच्या भाषेत ‘टँक’, तिकडच्या निन्टेन्डोसाठी कधी विकलाच गेला नाही. विटांच्या भिंतीआड गरुडाचं चिन्ह, ३५ स्टेज, प्रत्येकीत शत्रूचे २० रणगाडे आणि दोघांनी मिळून राखायचा किल्ला. जोडीदाराला आपली गोळी लागली की तो क्षणभर जागीच थिजतो. सख्ख्या भावंडांची भांडणं याच नियमावर पोसली आहेत. मात्र रशियातल्या मुलांना तो पाठ आहे, कारण १९९२पासून तिथे ‘डेंडी’ नावाची अशीच नक्कल घरोघरी होती. अधिकृत बाजाराने ज्यांना वगळलं, त्यांचा हा एक वेगळाच सामायिक वारसा तयार झाला.

व्हिडिओ गेम पार्लरमधली गोष्ट याहून चमत्कारिक आहे. कॅपकॉमचा १९९३चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ म्हटलं तर चटकन कुणाला कळणार नाही. ‘मुस्तफा’ म्हणा, चाळिशीतल्या माणसाचा चेहरा उजळतो. मार्क शुल्ट्झ यांच्या ‘झेनोझोइक टेल्स’ या अमेरिकी कॉमिक्सवर बेतलेला हा खेळ. कथेचा नायक जॅक टेनरेक; पण आमच्याकडे पिवळ्या टोपीचा, धावत येऊन लाथ घालणारा मुस्तफा कैरोच नायक ठरला आणि खेळाला त्याचंच नाव पडलं. पार्लर हे घरात सांगून जाण्याचं ठिकाण नव्हतं. अंधारी खोली, नाण्यांचा खणखणाट, खेळणाऱ्यामागे फुकट सल्ला देणारी रांग.

पार्लरमधला हा खेळ घरच्या कुठल्याही यंत्रावर अधिकृतपणे कधीच आला नाही. त्यातच कॅपकॉमने नकला रोखण्यासाठी त्याच्या मूळ बोर्डातल्या आवाजाच्या प्रोसेसरची सांकेतिक किल्ली एका बॅटरीवर जपून ठेवली होती. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि तो प्रोसेसर निकामी होतो. म्हणजे खरेदी केलेली अस्सल प्रत वयोमानाने मरणार आणि चोरून केलेली नक्कल चालत राहणार! निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रामरने १९९७मध्ये ‘मेम’ हा एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राचं सोंग घेणारा प्रोग्राम, सुरू केला. पुढे त्यावर अनेकांनी काम केलं, असली कुलपं उलगडली आणि मुस्तफा संगणकावर आला. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३मध्ये मांडलेल्या पाहणीनुसार तिथे प्रकाशित झालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात विकतच मिळत नाहीत. कायद्याने पाहिलं तर असे खेळ उतरवून घेणं अजूनही बेकायदेशीरच, आणि निर्मात्याचा हक्क मला मान्य आहे. पण जी वस्तू तुम्ही विकतही नाही आणि जपतही नाही, तिच्यावरचा पहारा कशासाठी, हा प्रश्न राहतोच.

हे सगळं बालपणाचे कढ आहेत, असं म्हणणारे भेटतात. थोडे असतीलही. मात्र २१ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेतल्या ओक्लाहोमामध्ये एका १३ वर्षांच्या मुलाने १९८९च्या निन्टेन्डोवरचा ‘टेट्रिस’ खेळत खेळत अशा टप्प्यावर नेला की खेळच गोठून बंद पडला. २९व्या पातळीवर तुकडे इतक्या वेगाने कोसळतात की त्यापुढे माणूस जाऊच शकत नाही, अशी वर्षानुवर्षांची समजूत होती. हा १५७पर्यंत पोचला. त्याच्या जन्मापूर्वी वीसेक वर्षं आलेला खेळ. त्याला कसली आलीय आठवण?

एक गोष्ट मात्र खेळाच्या आत नव्हती, ती जुन्या टीव्हीत होती. बदकं मारायची ती बंदूक घ्या. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होई, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे आणि बंदुकीतलं भिंग तो उजेड टिपे. हा वेळेचा हिशेब पिक्चर ट्यूबच्या रेघा ओढण्याशी बांधलेला. सपाट टीव्हीसमोर ती बंदूक आंधळी. त्यामुळे आता हौशी लोक भंगारात दिलेले टीव्ही शोधत फिरतात, आणि एम्युलेटरमध्ये जुन्या पडद्याच्या रेघा, फुगवटा, रंगांचं फाकणं हुबेहूब दाखवणारे फिल्टर मिळतात. चित्रकारांनी ती चित्रं त्या धूसर पडद्यासाठीच काढली होती, हा हौशी लोकांचा मुद्दा बरोबर आहे. पण आमच्याकडे तो पडदाही कुठे धड असायचा? अँटेनाच्या वायरीतून येणारं मुंग्या-मुंग्यांचं चित्र, पिक्चर ट्यूब जाईल म्हणून मागून ओरडणारे वडील, आणि मारिओत खेळ साठवून ठेवायची सोय नसताना आठव्या वर्ल्डच्या तोंडाशीच हमखास येणारं लोडशेडिंग. ज्यांना अगदी अस्सल अनुभव हवाय, त्यांच्या फिल्टरमध्ये या तिन्हींची सोय अजून मला दिसलेली नाही.