दादीची आठवण आणि दादीचा हक्क

घरातील वडीलधारी स्त्री अल्लाहला प्यारी झाली की ताजियतीसाठी येणाऱ्यांच्या तोंडी बहुधा एकच वाक्य असते : ‘तिने स्वतःसाठी काही ठेवले नाही, सारे आयुष्य मुलाबाळांसाठी वेचले.’ आपल्या समाजातील असंख्य दादी-नानींविषयी हे वाक्य प्रामाणिकपणे म्हणता येईल. परंतु त्यात एक प्रश्न दडलेला आहे आणि तो विचारल्याशिवाय दादीची आठवण पूर्ण होत नाही. तिने स्वतःसाठी काही ठेवले नाही, की तिच्या हाती काही ठेवले गेलेच नाही?

मय्यतीची स्तुती ही इस्लामच्या दृष्टीने एक साक्ष आहे. हजरत अनस (रजि.) यांच्या कथनानुसार एक जनाजा जात असता लोकांनी मृताचे गुण सांगितले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याच्यासाठी जन्नत निश्चित झाल्याचे सांगितले आणि श्रद्धावंत हे पृथ्वीवरील अल्लाहचे साक्षीदार आहेत, असे स्पष्ट केले. दुसरीकडे, हजरत उस्मान बिन मजऊन (रजि.) यांच्या निधनानंतर उम्मुल अला (रजि.) यांनी ‘अल्लाहने तुम्हाला सन्मानित केले’ अशा आशयाचे उद्गार काढले, तेव्हा ‘हे तुला कसे कळले?’ असे प्रेषितांनी (स.) त्यांना विचारले. दोन्ही हदीस सहीह बुखारीत आहेत. त्या एकत्र वाचल्या की बोध स्पष्ट होतो. मृतांचे चांगले बोलावे, पण जे ठाऊक आहे तेच बोलावे. साक्ष कितीही प्रेमाची असो, ती खरी असावी लागते.

माझ्या दादीविषयी मी अशीच साक्ष देऊ इच्छितो. तिला मराठी अक्षरे वाचता येत नव्हती, पण कुरआन ती रोज पाहून वाचत असे. घरातील प्रत्येक मूल कायदा शिकले ते तिच्याच मांडीशी बसून. स्वयंपाकासाठी तांदूळ काढताना मूठभर तांदूळ ती मदरशाच्या डब्यात टाकत असे, आणि तंगीच्या दिवसांतही ती मूठ लहान झाली नाही. रमजानमध्ये इफ्तारीचे पहिले ताट शेजारच्या विधवेकडे जाई. अबोला धरलेल्या दोन भावांना ईदच्या दिवशी एकाच दस्तरख्वानवर बसवल्याशिवाय ती स्वतः जेवत नसे.

तिच्याविषयी आणखी एक हकीकत आमच्या घरात सांगितली जात असे. आजोबांचा जनाजा उचलण्यापूर्वी भोवतीच्या बायकांनी तिला म्हटले, ‘मेहर माफ केली म्हण.’ तिने मान हलवली. हा तिच्या मनाच्या मोठेपणाचा दाखला मानला गेला. पुढे माझ्या वडिलांनी सूरह निसाच्या चौथ्या आयतीचा अर्थ समजून घेतला आणि भावांशी बोलून आजोबांच्या मिळकतीतून मेहरची रक्कम तिच्यापुढे ठेवली. दादीने ती नाकारली नाही. तिने ती मोजली आणि आपल्या ट्रंकेत ठेवली. पुढे तिचे काय केले, हे तिला कोणी विचारले नाही आणि विचारण्याचा कोणाला अधिकारही नव्हता.

अंगणात पतीचे शव ठेवलेले असताना हललेली मान संमती होती काय? उपरोक्त आयतीत स्त्रियांना त्यांची मेहर खुशीने देण्याचा आदेश आहे, आणि त्यांनी राजीखुशीने त्यातील काही सोडले तरच ते पतीला हलाल ठरते. संमती शब्दांपुरती पुरेशी नाही, ती मनापासूनची हवी. मेहर अदा झाली नसेल तर ती पतीवरील कर्ज असते आणि त्याच सूरहच्या ११व्या व १२व्या आयतींनुसार वारसांच्या वाटणीआधी मृताचे कर्ज फेडावे लागते. मग जनाजा दाराशी असताना दुःखाने सुन्न झालेल्या स्त्रीकडून माफी वदवून घेण्याच्या प्रथेला शरीअतमध्ये आधार कोठून मिळणार?

माहेरच्या मिळकतीचीही हीच कथा. बाप वारला की वारस नोंदीची वेळ येते, बहिणींना तहसील कचेरीत बोलावले जाते आणि हक्कसोडपत्रावर अंगठा किंवा सही घेतली जाते. सही केली नाही तर माहेरचा उंबरठा बंद होईल, ही भीती कोणी बोलून दाखवत नाही, पण ती सर्वांना ठाऊक असते. सातबाऱ्यावरून तिचे नाव उतरते, आणि चाळीस वर्षांनी तिची नातवंडे अभिमानाने सांगतात, ‘आमच्या दादीने भावांकडून एक गुंठाही घेतला नाही.’ वास्तविक, मालमत्ता थोडी असो वा पुष्कळ, तिच्यात स्त्रियांचा हिस्सा ठरलेला आहे, असे सूरह निसाची सातवी आयत सांगते. या हिश्श्यांना कुरआनने अल्लाहने आखलेल्या मर्यादा म्हटले आहे, आणि त्या ओलांडणाऱ्यांना १४व्या आयतीत आगीचा इशारा दिला आहे.

पहिले खलिफा हजरत अबू बक्र (रजि.) यांच्या कारकिर्दीत (इ.स. ६३२ ते ६३४) एक आजी आपल्या मृत नातवाच्या मिळकतीतील हिस्सा मागण्यासाठी त्यांच्याकडे आली. अल्लाहच्या ग्रंथात तुझा हिस्सा मला आढळत नाही, प्रेषितांचा (स.) निर्णयही मला ठाऊक नाही, मी लोकांना विचारतो, असे त्यांनी सांगितले. हजरत मुगीरा बिन शोबा (रजि.) यांनी साक्ष दिली की, प्रेषितांनी (स.) आजीला सहावा हिस्सा दिला होता. खलिफांनी दुसरा साक्षीदार मागितला. हजरत मुहम्मद बिन मस्लमा (रजि.) उभे राहिले, त्यांनी तेच सांगितले आणि आजीला सहावा हिस्सा मिळाला. ही घटना मुवत्ता, अबू दाऊद व तिर्मिजीत आली आहे. या वयात मागणे तुला शोभत नाही, असे तिला कोणी म्हटले नाही. खलिफांनी तिच्या त्यागाचे गोडवे गाऊन तिला परत पाठवले नाही. त्यांनी तिचा हक्क शोधून काढला.

येथे कोणी म्हणेल की, इस्लामने त्यागाचीही थोरवी गायली आहे. हे निःसंशय खरे आहे. सूरह हश्रच्या नवव्या आयतीत अन्सारांची प्रशंसा आहे, कारण स्वतः गरजवंत असूनही त्यांनी मुहाजिरांना अग्रक्रम दिला. परंतु अन्सारांनी जे दिले ते त्यांच्या मालकीचे होते आणि त्यांच्या हातात होते. जे हाती आलेच नाही, त्याचा त्याग कसा होईल? म्हणून हिस्सा मोजून स्त्रीच्या ताब्यात द्यावा आणि मग तिला द्यायचे असेल तर तिने स्वखुशीने द्यावे, हीच सावधगिरीची वाट आहे. अशा दादीही असतात ज्यांनी सारे समजून-उमजून भावाला दिले. त्यांचा इसार खरा आहे. उलट, जिला हिश्श्याचा आकडाच सांगितला गेला नाही, जिला नकाराची मोकळीक नव्हती, तिच्या वंचनेला आपण त्याग म्हटले तर ती खोटी साक्ष ठरेल. त्या साक्षीचा भार आपल्या मुलींवर पडतो, कारण ‘दादीने मागितले नाही, तू कशी मागतेस?’ हा प्रश्न उद्या त्यांनाच विचारला जाणार आहे.

मग दादीवरील प्रेमाने काय करावे? प्रेषितांनी (स.) हजरत खदीजा (रजि.) यांची आठवण कशी जपली, ते पाहावे. त्यांच्या निधनानंतर कित्येक वर्षे, बकरी जिबह झाली की प्रेषित (स.) तिचे मांस खदीजा (रजि.) यांच्या मैत्रिणींकडे पाठवत असत. हजरत सअद बिन उबादा (रजि.) यांनी आपल्या दिवंगत आईच्या वतीने आपली बाग सदका केली. दादीच्या मैत्रिणींची विचारपूस करावी, तिच्यासाठी दुआ करावी, तिच्या नावे सदका-ए-जारिया करावा. पण त्याआधी तिचे येणे आणि देणे तपासावे. तिचा अडवलेला हिस्सा आपल्या घरात असेल तर तो तिच्या हयात वारसांना पोहोचवावा. दुसऱ्याचा हक्क दाबून ठेवलेल्या पैशातून मशिदीत पंखा लावल्याने तो हक्क फिटत नाही.

ज्यांच्या घरात दादी-नानी हयात आहेत, त्यांच्यासाठी तर अजून वेळ आहे. तिच्याजवळ बसावे, तिची मेहर अदा झाली काय हे विचारावे, आणि उत्तर देताना ती संकोचली तर त्या संकोचालाच संमती समजू नये.

अल्लाह आपल्या साऱ्या मरहूम दादी-नानींची मगफिरत करो, त्यांच्या कबरी नूराने भरो, आणि त्यांचे हक्क फेडूनच त्यांची स्तुती करण्याची तौफीक आपणा सर्वांना देवो. आमीन.