ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी

२० ऑगस्ट २०२४च्या सकाळी बदलापूर स्थानकात लोक रुळांवर उतरले ते संध्याकाळपर्यंत हटले नाहीत. मंत्री विनवण्या करून गेले. शेवटी लाठीमार झाला, दगडफेक झाली, शहरातलं इंटरनेट बंद झालं, शेकडो आंदोलकांवर गुन्हे दाखल झाले. ‘बाहेरची माणसं होती’, ‘राजकारण आहे’ हे सरकारी निदानही लगोलग आलं. असेलही थोडं राजकारण. पण नुसत्या राजकारणासाठी लोकलवर पोट असलेलं शहर स्वतःचीच गाडी दिवसभर अडवून बसत नाही.

दोन लहान मुलींवरचा लैंगिक अत्याचार शहरातल्या एका शाळेत झाला होता. मुली चार वर्षांच्या, आरोपी तिथलाच सफाई कामगार. तरीही लोक पेटले ते त्यानंतर जे घडलं त्यामुळे. १६ ऑगस्टला पालक पोलीस ठाण्यात गेले आणि गुन्हा नोंदवून घ्यायला अर्ध्या दिवसाच्या आसपास वेळ लागला. ‘साहेब येऊ द्या’, ‘मेडिकल होऊ द्या’, ‘नीट आठवून सांगा’ ही वाक्यं ठाण्याची पायरी चढलेल्या कुणालाही पाठ असतात. कायद्यात मात्र या वाक्यांना जागा नाही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवायचाच, असं ललिताकुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी २०१३मध्येच सांगितलं. पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्यानुसार मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता घ्यायचा. चार वर्षांच्या पोरीसमोर खाकी दिसू नये, इतका बारीक विचार लिहिणाऱ्याने केला आहे. आणि लैंगिक अत्याचाराची फिर्याद न नोंदवणाऱ्या लोकसेवकाला भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९नुसार सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी आहे.

कलमाचा हा आकडा मी मुद्दाम लिहितो आहे. त्या दिवसाच्या मी पाहिलेल्या चित्रणात एकच मागणी घुमत होती, फाशीची. दोरखंड दाखवले जात होते. कलम १९९ कुणाच्या तोंडी नव्हतं. रागाचं मूळ ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी होतं, घोषणा मात्र वधस्तंभाची होती. यात आंदोलकांची चूक काढणं मला जमणार नाही. ते रुळांवर बसले म्हणून विशेष तपास पथक नेमलं गेलं, पोलिसांवर निलंबनाची कारवाई झाली, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन २२ ऑगस्टला सुनावणी घेतली. तोपर्यंत दुसऱ्या मुलीच्या बाजूचे जबाबसुद्धा नीट नोंदले गेले नव्हते, हे त्यानंतर उघड झालं. गर्दी नसती तर फाइल जिथे होती तिथेच राहिली असती.

पण सत्तेचा कान हुशार असतो. रागाचं मूळ आणि घोषणा यांपैकी कशाला उत्तर देणं स्वस्त, हे तिला बरोबर कळतं. ठाण्यातलं टेबल सुधारायचं तर माणसं नेमावी लागतात, बदल्यांतला हस्तक्षेप सोडावा लागतो, २००६च्या प्रकाशसिंह निकालातल्या पोलीस सुधारणा मनापासून राबवाव्या लागतात. गोळीला यातलं काहीच लागत नाही. २३ सप्टेंबरला तळोजा तुरुंगातून नेत असताना मुंब्र्याजवळ पोलिसांच्या गाडीत आरोपी मारला गेला. आरोपीने पोलिसाची बंदूक हिसकावली, असं पोलिसांनी सांगितलं. पेढे वाटले गेले, ‘बदला पुरा’ असे फलक लागले. पुढे दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने गाडीतल्या पाच पोलिसांना त्या मृत्यूसाठी जबाबदार धरलं, तेव्हा पेढे वाटणारे गप्प होते.

याच महाराष्ट्राने एक वेगळं आंदोलन पाहिलं आहे. १९७२मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच बलात्कार केल्याचा खटला १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयात आरोपींच्या सुटकेने संपला. मुलीने प्रतिकार केला नाही, हे त्यातलं एक कारण. वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि उपेंद्र बक्षी या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३मध्ये कायदा बदलला: पोलीस कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने ‘संमती नव्हती’ असं सांगितलं, तर न्यायालयाने तसंच गृहीत धरायचं. ती मागणी कुणाच्या मरणाची नव्हती, पुढच्या प्रत्येक ठाण्याला लागू होणाऱ्या नियमाची होती. तिला वेळ लागला. त्या मुलीला स्वतःला त्यातून काही मिळालं नाही, हेही खरं.

बदलापुरात आरोपीच्या मृत्यूबरोबर त्याच्यावरचा खटला संपला. त्यामुळे शाळेत कुणाला कधी कळलं, कोण कुणाला काय म्हणालं, ठाण्यात ते तास कसे गेले, याची त्याच्या खटल्यात साक्षीदारांच्या पिंजऱ्यात जी उलटतपासणी झाली असती, तीही संपली.