खिळा ठोकण्याचा अधिकार

भिंतीत एक खिळा ठोकण्यातले सुख काय असते, ते जन्मभर भाड्याच्या घरात राहिलेल्या माणसाला विचारावे. संगणकाच्या बाबतीत आपण बहुतेक जण असे भाडेकरूच असतो. पडद्यावर कोणती वस्तू कुठे असावी, हे मालकाने ठरवलेले असते. एखाद्या सकाळी त्याने सामान हलवले, की आपण निमूटपणे नव्या जागा पाठ करायच्या.

लिनक्सचा संसार निराळा आहे. १९९१ साली लिनस तोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहून सर्वांसाठी खुला केला. आज्ञावली कुणीही वाचावी, बदलावी, दुसऱ्याला द्यावी, हा रिचर्ड स्टॉलमन यांचा आग्रह त्याच्याही आधीचा, १९८३ पासूनचा. या यंत्रणेत गाभा वेगळा आणि डोळ्यांपुढचा डेस्कटॉप वेगळा. घर तेच ठेवून दिवाणखाना तेवढा बदलावा, तसा तो बदलता येतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी असे चार दिवाणखाने पाहिले. केडीईमध्ये काय वाटेल ते हलवता येते: पट्टी वर न्या, खाली आणा, बाजूला उभी करा, खिडकीची बटणे हव्या त्या क्रमाने लावा. एक्सएफसीई साधी आणि हलकी. जुन्या यंत्रावरही कुरकुरत नाही. ग्नोमचा स्वभाव मात्र अगदी उलट. माणसाला थोडेच लागते आणि ते थोडे आम्ही नीट निवडून देऊ, अशी तिच्या कर्त्यांची श्रद्धा. एप्रिल २०११ मध्ये तिची तिसरी आवृत्ती आली, तेव्हा खालची ओळखीची पट्टी गेली आणि खिडकी लहान करण्याचे बटणही दिसेनासे झाले. खुद्द तोरवाल्ड्सने त्या वर्षी जाहीर त्रागा केला आणि तो एक्सएफसीईकडे गेला.

ग्नोमवाल्यांचे म्हणणे मला अगदीच पोकळ वाटत नाही. वहीला कव्हर घालण्यात, तीन रंगांत समास आखण्यात आठवडा घालवणारा आणि वहीत मात्र काही न लिहिणारा विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतो. त्याच्या हातातल्या दोन पेन्सिली काढून घेणे हे त्याचे हितच. पण प्रौढ माणसाचे हित परस्पर ठरवण्याचा अधिकार कुणी कुणाला दिला? माझ्या आईला मिसळणाच्या डब्यातली मोहरीची वाटी अंधारातही सापडे. ती वाटी कुणी अधिक शास्त्रशुद्ध जागी ठेवली असती, तरी त्या दिवशीची फोडणी करपलीच असती!

यावर कुणी म्हणेल, हे सारे मिळते फुकट. करणाऱ्यांतल्या काहींना कंपन्या पगार देतात हे खरे, पण कित्येक जण फावल्या वेळात राबतात. अन्नछत्रात जेवून वर मिरपूड मागणारे तुम्ही कोण? बोलणे झोंबते खरे. मात्र या अन्नछत्राची एक खुबी आहे. इथे स्वयंपाकघराचे दार उघडे असते. मिरपूड हवी त्याने आत जाऊन वाटून घ्यावी. त्याच २०११ साली अर्जेंटिनातल्या एका माणसाने तसेच केले. टाकून दिलेली ग्नोमची दुसरी आवृत्ती त्याने उचलली आणि चालू ठेवली. तिकडे एका झाडाच्या पानांचा चहासारखा काढा पितात. त्याचे नाव तिला दिले, माते. पुढे तिला इतर हात लागले आणि ती टिकली. मी हे लिहितो आहे ते तिच्यातच.

माझा खरा प्रश्न इथे सुरू होतो. दार उघडे आहे, पण मला वाटता येत नाही. आज्ञावलीची एक ओळही मला लिहिता येत नाही. मग ज्या स्वातंत्र्याचा मी एवढा तोरा मिरवतो, ते माझे कितपत? न पाहिलेल्या माणसाच्या विद्येवर ते उभे आहे. त्याने ते स्वतःच्या सोयीसाठी केले असेल; म्हणून मी काही देणे लागत नाही, असे मनाला पटत नाही. पैसे द्यावेत, हे सरळ उत्तर झाले, आणि ते थोडेफार देताही येतात. पण ज्याने हाताने दिले, त्याला हातानेच काही परत द्यावेसे वाटते.

या डेस्कटॉपांवरच्या मजकुराचे मराठीही कुणीतरी असेच हौसेने केलेले असते, आणि ते पुष्कळ ठिकाणी अपुरे आहे. तेवढे काम माझ्या आवाक्यातले. सध्या ‘सेटिंग्ज’पाशी अडलो आहे. ‘मांडणी’ गोड आहे, पण आवाजाच्या चढउताराला ते लावता येत नाही. ‘संयोजना’ म्हटले तर सरकारी कचेरीत शिरल्यासारखे वाटते. वर्गातल्या मुलांना विचारले. ती म्हणाली, “गुरुजी, सेटिंगच म्हणा की!”