लांडग्याच्या नावावर

चि. सोनू हिस,


तुझं पत्र पोचलं. त्यातल्या दोन गोष्टी मनातून जाईनात. पहिली, माणूस मुळात स्वार्थीच. आई आजारी लेकरापाशी रात्रभर जागते तेही शेवटी जनुकांचंच काम. दुसरी, प्रत्येक समाजाची नीती त्याची त्याची. दुसऱ्याला बरंवाईट म्हणणारे आपण कोण? तुझ्या वयाच्या पुष्कळ हुशार मुलामुलींकडून मी हे ऐकते, आणि दर वेळी वाटतं, यांच्या हातात तत्त्वज्ञ मेरी मिज्ली यांची पुस्तकं पडायला हवीत. म्हणून हे लांबलचक पत्र.

मिज्लीबाई १९१९ साली लंडनमध्ये जन्मल्या आणि ९९ वर्षांचं आयुष्य जगून २०१८ साली गेल्या. ऑक्सफर्डच्या समरविल कॉलेजात आयरिस मर्डॉक त्यांच्या वर्गात होत्या. फिलिपा फुट आणि एलिझाबेथ ॲन्सकम यांच्याशीही ऑक्सफर्डमध्येच मैत्र जुळलं, आणि या चौघीही पुढे तत्त्वज्ञ म्हणून नावाजल्या. महायुद्धामुळे बहुतेक तरुण मुलगे आघाडीवर गेले होते. त्यामुळे या मुलींना आपलं म्हणणं निवांतपणे मांडता आलं आणि ते ऐकूनही घेतलं गेलं, असं बाईंना पुढे वाटत असे. लग्नानंतर त्या न्यूकॅसलला राहिल्या, तीन मुलगे वाढवले, तिथल्या विद्यापीठात शिकवलं. 'बीस्ट अँड मॅन' हे पहिलं पुस्तक १९७८ साली निघालं तेव्हा त्या साठीला टेकल्या होत्या. त्याआधी, १९५०च्या दशकात, त्यांनी रेडिओसाठी एक भाषण लिहिलं होतं. युरोपातले बहुतेक थोर तत्त्वज्ञ बिनलग्नाचे होते. लेकराबाळांत राहणाऱ्याला, समोरच्याला मन असेल की नाही अशी शंका सहसा येत नाही, असा त्याचा रोख. घरगुती गोष्टी तत्त्वज्ञानात कशाला, म्हणून ते नाकारलं गेलं. मला तर त्यांचं सगळं पुढचं काम त्या भाषणात बीजरूपानं दिसतं.

'बीस्ट अँड मॅन'मधला लांडगा तुला आधी सांगते. युरोपातल्या गोष्टींत लांडगा म्हणजे क्रौर्य, हाव आणि दगा. आपल्याकडेही त्याचं नाव काही बरं नाही. पण विसाव्या शतकात रानोमाळ हिंडून प्राण्यांचं वागणं टिपणाऱ्यांनी निराळंच चित्र दिलं. लांडगे जोडी करून राहतात, पिल्लांना भरवायला कळपातले इतरही हातभार लावतात, आपसातल्या भांडणात हरलेला नमला की जिंकलेला बहुधा आवरतं घेतो. पोटासाठी ते शिकार करतात, तशी माणूसही करतो. बाईंचा मुद्दा असा, की स्वतःच्या अंगातलं जे नकोसं वाटलं ते माणसानं जनावराच्या नावावर खपवलं. आणि एकदा असं केलं की माणसाचे दोन तुकडे पडतात: खाली पशू आणि वर त्याला वेसण घालणारी बुद्धी. मग माया, लाज, सोबतीची ओढ यांना जागाच उरत नाही. त्या ना त्या पशूत बसतात, ना कोरड्या बुद्धीत. बाई म्हणतात, हे सगळं आपल्याला प्राणी म्हणूनच मिळालेलं आहे.

आता तुझी जनुकं. जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांचं 'द सेल्फिश जीन' १९७६ साली आलं. ज्या जनुकाच्या प्रती पिढ्यान्‌पिढ्या वाढत जातात ते टिकतं, एवढ्याच अर्थानं त्यांनी जनुकाला स्वार्थी म्हटलं. जनुकाला ना मन, ना हेतू. आई लेकरापाशी जागते त्याच्यामागे अशी जनुकं असतीलही. त्यातून तिची माया खोटी ठरत नाही, उलट ती किती खोल रुजलेली आहे हे कळतं. पण रूपक एवढ्यावर थांबत नाही. त्याच पुस्तकात, आपण जन्मतः स्वार्थी आहोत, असंही एक विधान येऊन गेलं. तीस वर्षांनंतरच्या आवृत्तीत डॉकिन्स यांनी स्वतःच वाचकांना सुचवलं, की ते आणि तसली विधानं मनातल्या मनात खोडून टाका. मिज्लीबाईंनी १९७९ मध्ये या पुस्तकावर फार कडक लेख लिहिला. त्यातल्या सुराबद्दल पुढे दिलगिरीही व्यक्त केली. मला वाटतं, डॉकिन्स यांचं म्हणणं त्या लेखात त्यांनी पुरेशा धीरानं समजून घेतलं नाही. तरी रूपक असं पसरत जातं, ही त्यांची मूळ भीती खरी होती. तत्त्वज्ञान हे फरशीखालच्या पाण्याच्या नळांसारखं असतं, असं त्या म्हणत. गळती होऊन घरभर वास सुटेपर्यंत कुणाला त्याची आठवण होत नाही. तुझ्या पत्रातलं आईबद्दलचं वाक्य मला त्या गळतीचंच वाटलं.

मग नीती येते कुठून? इथे बाई आपल्याला डार्विनकडे नेतात, आणि त्यांच्या 'दि एथिकल प्रायमेट'मधला हा भाग तू दोनदा वाच. डार्विननं १८७१ सालच्या 'द डिसेंट ऑफ मॅन'मध्ये भिंगरीचं उदाहरण दिलं आहे. हिवाळ्यात आपल्याकडे विजेच्या तारांवर ओळीनं बसते, तीच ही. उन्हाळा संपत आला की तिला दक्षिणेकडे जायची ओढ लागते. घरट्यात उशिरा झालेली पिल्लं अजून असतात. पिल्लं डोळ्यांसमोर असतात तोवर ती थांबते. जरा दूर झाली, की थव्याबरोबर उडून जाते आणि पिल्लं मरतात. डार्विन म्हणतो, तिला आपल्यासारखी आठवण असती, तर मुक्कामाला पोचल्यावर, ओढ शमल्यावर, ती पिल्लं पुन्हापुन्हा तिच्या डोळ्यांपुढे आली असती. दोन्ही ओढी खऱ्या, दोन्ही तिच्याच. मागे वळून त्यांच्याकडे बघता येणं आणि त्यांत निवड करावी लागणं, इथून नीतीची सुरुवात होते. ती कुणी बाहेरून आपल्या पशूवर लादलेली नाही.

तुझ्या दुसऱ्या मुद्द्यासाठी 'हार्ट अँड माइंड' (१९८१) या संग्रहातला सामुराईच्या नव्या तलवारीचा निबंध आहे. नवी तलवार नीट चालते की नाही हे बघायला सामुराई वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसावर वार करत, अशी जपानातली एक जुनी चाल बाई त्यात सांगतात. यावर आपण बोलायचं नाही का, असं बाई विचारतात, आणि लगेच पुढचे प्रश्न मांडतात. आपण त्यांच्याबद्दल बोलू शकत नसू, तर ते आपल्याबद्दल बोलू शकतात का? निंदा करायची नाही, तर कौतुक तरी कुठल्या तोंडानं करायचं? तो वाटसरू मरायला राजी होता का? मला हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत मोलाचा वाटतो. 'त्यांची संस्कृती' म्हणताना आपण बहुतेक वेळा तलवार ज्याच्या हातात आहे त्याचंच मत धरून चालतो.

आपल्याकडचं एक उदाहरण बाईंना ठाऊक असतं, तर त्यांनी ते नक्की घेतलं असतं असं मला वाटतं. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. सातासमुद्रापलीकडच्या, कधी न पाहिलेल्या लोकांचं काम चांगलं आहे असा निवाडा त्यांनी केला, आणि त्याच मापानं आपला समाज मोजला. समाज ही बंद पेटारी असती, तर त्या अर्पणपत्रिकेला काही अर्थच उरला नसता. तुला कॉलेजात जाता आलं, तेही असे निवाडे करायला न घाबरलेल्या माणसांमुळे.

सुरुवात त्या सामुराईच्या निबंधानं कर. थोड्याच पानांचा आहे. मग 'बीस्ट अँड मॅन' सावकाश घे. दुष्टपणावरचं 'विकेडनेस' (१९८४) त्यानंतर.

एका जागी मात्र मी अडते. भिंगरीच्या उदाहरणात डार्विनचा भर यावर आहे, की क्षणाची ओढ विरते आणि मायेसारखी टिकाऊ भावना परतून येते. पण वैरही तितकंच चिवट असतं, हे डार्विननंही नोंदवलं आहे. मग टिकाऊ भावनांपैकी मायेला वरचं स्थान का, आणि वैराला का नाही? मिज्लीबाई याचं उत्तर, माणसाला आपले सगळे तुकडे जोडून एकसंध जगावं लागतं, या गरजेत शोधतात. मला ते अर्धंच पटतं. उभा जन्म वैरावर एकसंध जगलेली माणसंही मी पाहिली आहेत. 'दि एथिकल प्रायमेट' वाचून झालं की तुला काय वाटतं ते सविस्तर लिही.

तुझी,
आत्या